शिकायला आले, कामाला लागले

परदेशी शिक्षण म्हटलं की आपल्याला आठवतो तो मुंबईचा विमानतळ, वजन करून भरलेल्या बॅगा आणि निरोप द्यायला जीप करून आलेलं अख्खं घर. सातारा-सांगलीच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी आज अशी चार घरं सहज सापडतील. पण या दोन जिल्ह्यांत उलट दिशेची ये-जाही पुष्कळ जुनी आहे. सातासमुद्रापलीकडून कोवळ्या वयाची माणसं इथं आली. कुणी संशोधनासाठी, कुणी शिकवायला, कुणी रुग्णसेवेला. इथली भाषा शिकली, इथल्या माणसांच्या कामाला हात लावला आणि त्यातली काही जन्मभर इथंच राहिली. त्यांनी केलेली कामं जिथं उभी आहेत, ती गावं एकदा सलग बघावीत म्हणून फलटणपासून मिरजेपर्यंतचा हा प्रवास केला. परदेशी शिकायला जाण्याची स्वप्नं बघणाऱ्या आपल्या मुलामुलींना या वाटेवर खूप काही शिकण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटतं.

हे दोन जिल्हे एका दमात सांगायचं कारण आहे. मुळात तो एकच सातारा जिल्हा. १९४९ मध्ये त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६०मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. सत्यशोधक जलसे, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहं हा सगळा वारसा दोघांचा सामाईक. बाहेरून आलेल्या अभ्यासकांना या भागानं खेचून घेतलं ते या वारशामुळंच.

लोणंद सोडलं की फलटणच्या रस्त्याला नीरा उजव्या कालव्याची हिरवाई लागते. दोन्ही अंगांना ऊस, मधूनच उसाच्या ट्रॉल्यांची रांग. फलटण तसं जुनं संस्थानी गाव. निंबाळकरांचा राजवाडा, राममंदिर, महानुभावांची देवळं आणि आठवड्याचा मोठा बाजार. वाढत्या गावाचा आणि भोवतालच्या खेड्यांचा संबंध कसा असतो, हे तपासायला इरावती कर्वे आणि जयंत रणदिवे यांनी हेच गाव निवडलं होतं. त्यांचा अभ्यास १९६५मध्ये पुस्तकरूपानं आला. त्याच सुमारास, १९६६मध्ये, मॅक्सिन बर्नसन ही अमेरिकन संशोधक भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला आली.

मॅक्सिनबाईंचा जन्म मिशिगन राज्यातला. १९६१मध्ये त्या हैदराबादच्या विवेकवर्धिनी महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला आल्या आणि तिथं मराठीशी त्यांची गाठ पडली. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच.डी.साठी त्यांनी विषय घेतला तो फलटणच्या बोलीचा. आता बोलीचा अभ्यास ग्रंथालयात बसून होत नाही. त्यासाठी प्रत्येक आळीत जाऊन बसावं लागतं. वाड्यातल्या ओसरीवर, बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बाईपाशी, गावकुसाबाहेरच्या वस्तीत. फलटणच्या बाजारात तासभर उभं राहिलं तर आजही बोलीतला फरक कानावर येतो. एक गिऱ्हाईक ‘पाणी आलं होतं का’ विचारतं आणि पलीकडचा ‘पानी आलं व्हतं की’ म्हणून उत्तर देतो. हा फरक जात, शिक्षण आणि वस्ती यांच्याशी कसा जोडलेला आहे, हे मॅक्सिनबाई नोंदवत होत्या.

वस्त्यांत असं बसता-उठताना त्यांना दिसलं, की इथली कितीतरी पोरं शाळेतच जात नाहीत, आणि जी जातात त्यांना वाचता येत नाही. त्यांनी त्या मुलांना शिकवायला घेतलं. प्रबंध पुरा झाला, पण त्या परत गेल्या नाहीत. १९७८मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, १९८४मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९८६मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. दलित वस्तीतली मुलं आणि सुखवस्तू घरातली मुलं एका बाकावर बसून मराठीतून शिकतात, हा या शाळेचा पाया. गावासाठी त्या मॅक्सिन मावशी झाल्या.

शाळेला ज्यांचं नाव आहे त्या कमला निंबकर याही मूळच्या अमेरिकन. एलिझाबेथ लंडी हे त्यांचं माहेरचं नाव, घराणं क्वेकर पंथाचं. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या १९३०मध्ये भारतात आल्या. अपंगांना हाताला काम देऊन पुन्हा उभं करण्याचं शास्त्र शिकायला त्या प्रौढ वयात पुन्हा विद्यार्थिनी होऊन अमेरिकेला गेल्या आणि १९५०मध्ये मुंबईत व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं. आशियातलं ते पहिलं. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. सून जाई निंबकर या लेखिका, इरावतीबाईंची कन्या. जाईताई आणि मॅक्सिनबाई या दोघींनी मिळून मराठी-इंग्रजी शब्दकोश आणि मराठीचं व्याकरण तयार केलं. १९७५ सालचे हे ग्रंथ आजही परदेशात मराठी शिकणाऱ्याच्या हाती पडतात. पुण्यात येणाऱ्या अमेरिकन महाविद्यालयीन मुलांना मराठी शिकवण्याचं कामही मॅक्सिनबाईंनी वर्षानुवर्षं केलं. स्वतः विद्यार्थिनी म्हणून आलेली बाई पुढच्या विद्यार्थ्यांची वाट सोपी करत गेली.

फलटणहून दहिवडीकडे निघालं की मोगराळे घाट लागतो. घाट चढून वर आलं की पाठीमागची कालव्याची हिरवाई संपते आणि माणदेश सुरू होतो. उघडे माळ, बोडके डोंगर, मेंढरांचे कळप, जागोजागी खिल्लारं. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम पाचशेच्या आत-बाहेर येतो. गोंदवले ओलांडून पंढरपूरच्या रस्त्यानं पुढं गेलं की म्हसवड. सिद्धनाथाचं गाव, माणगंगेच्या काठचं.

म्हसवडला देशोदेशीच्या विद्यापीठांतली मुलं इंटर्नशिपला येतात ती माणदेशी महिला सहकारी बँक आणि माणदेशी फाउंडेशनचं काम शिकायला. या कामाच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा या मुंबईच्या, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनात घडलेल्या. लग्न होऊन त्या म्हसवडला आल्या. वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका बाईला रोजची चार पैशांची बचत ठेवायला बँक दारात उभं करत नव्हती. त्यातून बायकांचीच बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठा लावणाऱ्या होत्या. मग बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढता येतं का बघा. १९९७मध्ये बँक उघडली. पुढे बायकांसाठी व्यवसाय शिक्षणाच्या शाळा आल्या, खेडोपाडी जाणाऱ्या बसमधले वर्ग आले, ‘माणदेशी तरंग’ हे रेडिओ केंद्र आलं. २०१२-१३च्या दुष्काळात जनावरांची मोठी छावणी उभी राहिली.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात दारिद्र्याचे आलेख शिकून आलेल्या मुलाला इथं पहिला धडा मिळतो तो आठवड्याच्या बाजारात. पन्नास पेंढ्या मेथी विकणारी बाई सकाळी माल कितीला उचलते, दुपारी ऊन तापल्यावर भाव किती पाडते, संध्याकाळी बँकेच्या प्रतिनिधीकडे किती भरते, हे तिच्या शेजारी पोत्यावर बसल्याशिवाय कळत नाही. आलेल्या मुलाकडे संगणक असतो, इंग्रजी असतं, अहवाल लिहायची हातोटी असते. त्याचा संस्थेला उपयोग होतो, हे खरंच आहे. पण आधी त्या बाईचा हिशेब समजून घ्यावा लागतो. शिकणं आधी आणि मदत मागून, हा क्रम माणदेशात मला फार स्पष्ट दिसला.

पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्यात आलं, की अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, पोवई नाक्याजवळ रयत शिक्षण संस्थेचं आवार आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांची समाधी इथंच. १९१९मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी संस्था निघाली आणि १९२४मध्ये साताऱ्याला आली. सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात राहतील, एका पंगतीत जेवतील आणि राबून शिकतील, हा कर्मवीरांचा आग्रह. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. १९४७मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघालं ते ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. मुलांनी खडी फोडली, शेत राबवलं, बाग फुलवली आणि पदव्या घेतल्या.

या आवारात उभं राहिल्यावर बाहेर गेलेल्यांची आठवण होते. बॅरिस्टर पी. जी. पाटील कर्मवीरांचे विद्यार्थी. इंग्लंडला जाऊन कायदा शिकून आले आणि रयतमध्ये प्राचार्य झाले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. साहेबाच्या देशातली विद्या गावच्या वसतिगृहातल्या पोरांपर्यंत आणायची, हे त्यांच्या पिढीला वेगळं सांगावं लागत नव्हतं. परदेशात भांडी घासून, दुकानात उभं राहून शिकणाऱ्या आजच्या मराठी मुलाला अंगमेहनतीची लाज वाटायचं काही कारण नाही. त्याच्या आधी त्याच्याच जिल्ह्यात हजारो मुलं तशीच शिकली आहेत.

पुणे-बंगळूर महामार्गानं कऱ्हाड मागं टाकलं की सांगली जिल्ह्याची हद्द लागते आणि वाळवा तालुक्यातलं कासेगाव येतं. गळिताचा हंगाम चालू होता. रस्त्याच्या कडेनं बैलगाड्या, ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या आणि पालाच्या वस्तीतून निघालेला चुलींचा धूर. समाजशास्त्रज्ञ गेल ऑमव्हेट यांनी आयुष्याची चार दशकं या गावी काढली. २५ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांचं निधनही इथंच झालं.

गेल यांचा जन्म १९४१चा, मिनियापोलिसचा. मिनेसोटा राज्यातल्या कार्लटन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्या १९६३मध्ये फुलब्राइट योजनेतून इंग्रजी शिकवायला भारतात आल्या. बावीस वर्षांची पोर, वर्षभराचा मुक्काम. परत जाऊन बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात समाजशास्त्र घेतलं. अमेरिकेत तेव्हा नागरी हक्कांची आणि व्हिएतनाम युद्धाविरोधातली आंदोलनं पेटलेली होती आणि गेल त्यात होत्या. पीएच.डी.साठी त्यांनी पश्चिम भारतातली १८७३ ते १९३० या काळातली ब्राह्मणेतर चळवळ निवडली आणि त्या पुन्हा महाराष्ट्रात आल्या. १८७३ हे सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचं साल. १९१९ ते १९२१ या काळात साताऱ्याच्या कुळांनी सावकार-जमीनदारांविरुद्ध केलेल्या उठावाकडे विद्यापीठांचं तोवर फारसं लक्ष गेलं नव्हतं. गेल यांनी जुनी मराठी वर्तमानपत्रं चाळली, हयात असलेल्या सत्यशोधकांना गाठलं. १९७३मध्ये प्रबंध पुरा झाला. महात्मा फुल्यांचा विचार जगाच्या विद्यापीठांत पोहोचवण्यात या प्रबंधाचा वाटा फार मोठा आहे.

पण गेल यांची खरी शाळा पुढे सुरू झाली. चळवळीत काम करणारे डॉ. भारत पाटणकर यांच्याशी लग्न करून त्या कासेगावच्या पाटणकरांच्या घरी आल्या. सासूबाई इंदुताई प्रतिसरकारात उतरलेल्या, सासरे बाबूजी पाटणकर याच लढ्यातले. १९५२मध्ये त्यांचा खून झाला. सुनेला शलाका हे नाव मिळालं. १९८३मध्ये गेल भारतीय नागरिक झाल्या. प्रबंधासाठी ज्या चळवळीचा इतिहास धुंडाळला, तिच्याच पुढच्या पिढीत त्या सासू-सुनेच्या नात्यानं राहू लागल्या. श्रमिक मुक्ती दल, स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचा लढा, धरणग्रस्तांचे मोर्चे. परदेशातल्या मानाच्या प्राध्यापकीची वाट त्यांना मोकळी होती. त्यांनी राहायला कासेगाव निवडलं आणि लिहिलेलं जगभर गेलं.

कासेगावहून परत कऱ्हाडला येऊन विट्याचा रस्ता धरला, कारण बलवडी बघायची होती. खानापूर तालुक्यातली ही येरळाकाठची बलवडी. १९८२च्या गिरणी संपानंतर या दुष्काळी भागातले कामगार मुंबईहून गावी परतले. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता त्यांनी विचारायला सुरुवात केली, की दुष्काळ हटेल असं काम का निघत नाही? त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळेच्या वाळूचा बेसुमार उपसा होत होता; ठेकेदार पैसे करत होते आणि विहिरी आटत होत्या. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवलं, की वाळू आपल्या नदीची आहे. तिच्यातली थोडी आपण विकू, त्या पैशातून आपलं धरण बांधू आणि पाणी सगळ्यांना सारखं वाटू, भूमिहीनालासुद्धा. अभियंते के. आर. दाते यांनी तांत्रिक बाजू सांभाळली, लोकांनी श्रमदान केलं आणि बळीराजा धरण झालं.

बंधारा दिसायला लहान आहे. कोयना बघून आलेल्या माणसाला तर तो नाल्यावरच्या बांधासारखा वाटेल. पण पाणी जमिनीच्या मालकीवर न वाटता माणसांवर वाटायचं, हा विचार इथं दगड-वाळूत उतरला. पुढे आटपाडीसह कृष्णाखोऱ्यातल्या समन्यायी पाणीवाटपाच्या मागणीला त्यानं बळ दिलं. जलव्यवस्थापन शिकायला नेदरलँड्सला निघालेल्या आपल्या मुलानं आधी येरळेच्या पात्रात उतरून हा बांध बघावा. तिथल्या वर्गात सांगण्यासारखं त्याच्याकडे काहीतरी असेल.

तासगाववरून द्राक्षबागा बघत सांगलीत आणि तिथून मिरजेला. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी लागते. हे नाव विल्यम वानलेस या डॉक्टरांचं. कॅनडात जन्मलेले, न्यूयॉर्कला वैद्यक शिकलेले वानलेस १८८९मध्ये, पंचविशीच्या आतच, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडं आले. १८९४मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं आणि लवकरच एतद्देशीय तरुणांसाठी वैद्यकीय शाळा काढली. जवळपास चाळीस वर्षं त्यांनी इथं शस्त्रक्रिया केल्या. मिरज ही दवाखान्यांची नगरी झाली ती त्या पायावर. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, ते लपवण्यासारखं नाही. त्याच काळात अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मुलांना मिशनकार्यासाठी परदेशी पाठवणारी मोठी विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. तिच्या उभारणीत पुढे असलेला रॉबर्ट वाइल्डर हा १८६३मध्ये कोल्हापुरात जन्मलेला, मिशनऱ्याचा मुलगा. स्वयंसेवेसाठी परदेशी जाण्याच्या आजच्या लाटेचं एक मूळ असं आपल्या पंचगंगेकाठी सापडतं.

मिरजेत आणखी एका प्रकारचे विद्यार्थी येतात. दर्ग्याजवळच्या सतारमेकरांच्या दुकानांत. पंढरपूर भागातून आलेले भोपळे छताला टांगलेले, खाली बैठकीवर कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवरून तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतोय. दोरा केसभर पुढं जातो, तार छेडली जाते, कारागीर मान हलवतो, दोरा पुन्हा मागं. स्वर खुलला की हात थांबतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण हा कान कुठल्या अभ्यासक्रमात मिळत नाही. परदेशातून आलेला शिकाऊ मुलगा इथं दिवसच्या दिवस नुसता बसून ऐकतो, आणि तेच त्याचं शिक्षण असतं.

आता आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी थोडं. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. ब्रिटनची चेवनिंग, युरोपीय संघाची इरास्मुस मुंडुस, जर्मनीच्या डाड या संस्थेच्या शिष्यवृत्त्या सगळ्यांना खुल्या आहेत. चेवनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. गावात केलेलं संस्थेचं काम तिथं मोलाचं ठरतं. जर्मनीत २७ वर्षांखालच्या तरुणांसाठी वर्षभराच्या समाजसेवेची योजना आहे. वृद्धाश्रम, रुग्णालय, बालवाडी अशा ठिकाणी काम, हातखर्चाला पैसे आणि राहण्याची बहुतेक सोय. परदेशी मुलांनाही ती खुली आहे, पण जर्मन यायला हवं. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि विनावेतन नोकरीचे तासही त्यात धरले जातात. म्हणून कुठल्याही संस्थेत सेवेला जाण्यापूर्वी आपल्या व्हिसावर ते चालतं का, हे विद्यापीठाच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावं. हजारो रुपये शुल्क घेऊन दोन आठवड्यांच्या ‘सेवे’ची सहल घडवणाऱ्या कंपन्यांपासून लांब राहावं. दोन आठवड्यांत अनाथाश्रमातल्या मुलांना माणसांचा लळा लागतो आणि तुटतो. त्याचा त्रास त्या मुलांना होतो.

या सगळ्या वाटेवर जी माणसं भेटली त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. त्यांनी आधी भाषा शिकली, मग घरं ओळखली, मग काम निवडलं. मॅक्सिन मावशींना बोली शिकताना शाळाबाह्य मुलं भेटली, गेलना इतिहास शोधताना चालू लढा भेटला. शिकणं आणि सेवा या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या खात्यांत टाकल्या नाहीत. आपली मुलं म्युनिकला, मँचेस्टरला, मेलबर्नला जातील, जायलाच हवीत. तिथं गेल्यावर त्यांनी मराठी मित्रांच्या खोलीत कोंडून न घेता त्या गावची भाषा तोंडात बसवावी, शेजारच्या म्हाताऱ्या बाईची पिशवी उचलावी, तिथल्या वाचनालयात, अन्नछत्रात, बागेत आठवड्याचे दोन तास द्यावेत. पदवी हाती येईलच. पण ज्या गावानं शिकवलं त्याचं काही देणं लागतो, ही जाणीव घेऊन जो राहतो, तो मग परत येवो वा तिथंच राहो, तो या दोन जिल्ह्यांचा खरा विद्यार्थी.